प्रवासातली साबणाची वडी

आगगाडी येण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी पनवेल बंदरात उतरत असे. खाडीतून मचव्याने पनवेलपर्यंत आणि तेथून बोरघाट चढून पुण्याकडे, असा हा रुळलेला मार्ग होता. १८३० साली बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला. १८६३ साली घाटातून आगगाडी धावू लागली. लोहमार्ग कर्जतवरून गेल्यामुळे पनवेल बाजूला पडले. या काळातल्या प्रवाशाच्या पडशीत पंचा असेल, तांब्या असेल, शिदोरी असेल. पण साबणाची वडी? ती सामान्य माणसाच्या घरातच नव्हती, मग पडशीत कोठून येणार?

याचा अर्थ लोक अस्वच्छ राहत, असा मात्र नाही. रिठा, शिकेकाई, डाळीचे पीठ ही स्वच्छतेची साधने घरोघर होती. रिठ्याच्या टरफलात सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. साबणाप्रमाणेच ती पाण्याचा पृष्ठताण कमी करतात आणि फेस देतात. प्रवासाच्या दृष्टीने त्यांचा मोठा गुण असा की, लागेल तेवढेच रिठे भिजवायचे, उरलेले कोरडेच राहतात. पुरचुंडीत बांधले तरी शेजारच्या कपड्यांना काही होत नाही. साबणाच्या वडीचे गणित नेमके उलटे आहे. तिचा अगदी थोडा भाग वापरायचा असतो, पण दर वेळी सगळी वडी भिजते. प्रवासातला साबणाचा सगळा चिकचिकाट या एका गोष्टीतून निर्माण होतो.

वडीच्या रूपात साबण मिळणे हीसुद्धा एकेकाळी नवलाईच होती. चरबी किंवा तेल अल्कलीबरोबर उकळले की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. लाकडाच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात; त्यांच्यापासून होणारा साबण मऊ, लोण्यासारखा असतो. कडक वडी हवी तर सोडियमचा क्षार, म्हणजे सोडा लागतो. सीरियातील अलेप्पो किंवा फ्रान्समधील मार्सेय येथले कडक साबण म्हणूनच दूरदूर जाऊ शकले. १७९१ साली फ्रान्समध्ये लब्लां याने मिठापासून सोडा तयार करण्याच्या रीतीचे पेटंट घेतले आणि पुढे साबण मोठ्या प्रमाणावर होऊ लागला.

तरीही बराच काळ साबण लांब लादीच्या रूपात येई आणि दुकानदार त्याचे तुकडे कापून विके. इंग्लंडमध्ये विल्यम लिव्हर याने १८८४ साली 'सनलाइट' हे नाव नोंदवले आणि कापलेल्या वड्या कागदात गुंडाळून विकायला सुरुवात केली. या साबणात वनस्पती तेलांचे प्रमाण जास्त होते. त्यामुळे वडीला घाम फुटल्यासारखा ओलावा येई. वेष्टन त्यावरचा उपाय होता. १८८८ साली या वड्यांची खोकी कलकत्ता बंदरात उतरली. मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास प्राण्यांची चरबी न वापरता, वनस्पती तेलांपासून साबण करायला सुरुवात केली. १९३४ साली शिवडीला लिव्हरचा कारखाना सुरू झाला. कारखान्यापासून दुकानापर्यंतचा वडीचा प्रवास अशा रीतीने कोरडा झाला. वेष्टन फाडल्यानंतरचा प्रवास मात्र ज्याचा त्याने सांभाळायचा होता.

ओल्या वडीचे नेमके काय होते? साबण म्हणजे मेदाम्लांचे सोडियम क्षार. त्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते, तर लांब शेपूट पाण्यापासून दूर राहू पाहते. पाणी वडीत शिरले की ते या रेणूंच्या थरांमध्ये जाऊन बसते. थर एकमेकांवरून घसरू लागतात. हाच तो बुळबुळीत लगदा. तो पूर्ण विरघळलेला नसतो आणि पूर्ण घनही नसतो. खोबरेलाच्या साबणाला फेस चटकन येतो, अगदी खाऱ्या पाण्यातही येतो. पण असा साबण विरघळतोही लवकर. शिवाय वडीत उरलेले ग्लिसरीन हवेतली वाफ शोषते. म्हणून कोकणात जुलै महिन्यात न वापरलेली उघडी वडीसुद्धा दमट लागते.

यावर उपाय म्हणून डबी आली. तिचा इतिहास म्हणजे पदार्थविज्ञानाचा एक छोटा धडाच आहे. लोखंडी पत्रा गंजतो. पितळेतील तांब्याशी मेदाम्लांचा संयोग होऊन हिरवट थर येतो. अ‍ॅल्युमिनियमची डबी हलकी आणि स्वस्त. परंतु साबणाचे पाणी अल्कधर्मी असल्याने अ‍ॅल्युमिनियमवरचे ऑक्साइडचे संरक्षक आवरण हळूहळू खाल्ले जाते आणि डबी काळपट पडते. १८७० च्या सुमारास आलेल्या सेल्युलॉइडवर अल्कलीच्या सौम्य द्रावणाचा फारसा परिणाम होत नसे, पण ते चटकन पेट घेई. पुढे १९३३ साली इंग्लंडमध्ये पॉलिएथिलीन आणि १९५४ साली इटलीत नाट्टा यांच्या प्रयोगशाळेत पॉलिप्रोपिलीन तयार झाले. ही प्लॅस्टिके गंजत नाहीत आणि अल्कलीला दाद देत नाहीत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पनवेलपासून जवळच, ठाणे-बेलापूर पट्ट्यात, नोसिलच्या कारखान्यात नाफ्त्याचे भंजन होऊ लागले आणि प्लॅस्टिकचा कच्चा माल देशातच मिळू लागला. साबणाची रंगीत डबी हळूहळू घरोघर पोचली.

मात्र डबीने अर्धाच प्रश्न सुटला. घट्ट झाकणाच्या डबीत कपडे कोरडे राहतात, पण आतली हवा वाफेने संपृक्त होते आणि वडी वाळतच नाही. भोके पाडावीत तर वडी वाळते, पण पाणी पिशवीत उतरते. उपाय या दोहोंच्या मध्ये आहे. वडी डबीच्या तळाला टेकू नये, यासाठी आत उंचवटे किंवा जाळी हवी. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची एक चकती वडीखाली ठेवली तरी काम होते. निघण्यापूर्वी वडी पुसून वाऱ्यावर ठेवावी आणि मुक्कामी पोचताच झाकण उघडावे. सर्वांत उत्तम म्हणजे सगळी वडी न नेता, जितके दिवस तितका तुकडा न्यावा. कागदी साबणामागचे तत्त्वही हेच: एक पान भिजवायचे, बाकीची कोरडी ठेवायची. म्हणजे पुन्हा रिठ्याचीच रीत!

हा सगळा खटाटोप केवळ कपडे चिकट होऊ नयेत म्हणून करायचा का? आमच्या मते नाही. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरसारख्या यात्रांत पटकीच्या साथी वारंवार येत. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात या रोगाच्या जंतूचा अभ्यास पुरा केला. दूषित पाणी आणि अन्न यांतून हा रोग पसरतो, आणि त्या साखळीत न धुतलेले हात हाही एक दुवा असतो. २०२० च्या कोरोना साथीत तर साबणाचे महत्त्व मुलांनाही पाठ झाले, कारण त्या विषाणूचे मेदाचे आवरण साबणाने फुटते. पण घरी रोज हात धुणारे मूल सहलीत धूत नाही, याचे कारण पुष्कळदा अगदी साधे असते: साबण पिशवीच्या तळाशी, लगदा झालेल्या अवस्थेत असतो, आणि तो काढायचा कंटाळा येतो. जी वस्तू हाताशी आणि नीटनेटकी असते, तीच वापरली जाते.

सहलीपूर्वी वर्गात एक प्रयोग करता येईल. एकाच वडीचे तीन सारखे तुकडे करून त्यांचे वजन करावे. रोज एकदा तिन्ही तुकडे सारखाच वेळ पाण्यात बुडवावेत. मग एक बंद डबीत, एक सपाट ताटलीत आणि एक जाळीवर ठेवावा. आठवड्यानंतर तिन्ही पूर्ण वाळवून पुन्हा वजन करावे. वाळवणे विसरू नये, नाहीतर शोषलेले पाणीही वजनात धरले जाईल. कोणता तुकडा किती झिजला, याचा तक्ता मुलांनीच करावा. सहलीला डबी कशी न्यायची, हे मग त्यांना सांगावे लागणार नाही.