घोडेस्वार योद्धा (रोलप्लेइंग खेळांतील)

फासे आणि नियमपुस्तकांवर चालणाऱ्या रोलप्लेइंग खेळांतील एक पात्रवर्ग. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) या खेळाची मुळे 'चेनमेल' (१९७१) या युद्धखेळात आहेत. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९८५ च्या 'अनअर्थ्ड आर्काना' या पुस्तकात 'कॅव्हलियर' हा वर्ग आला. 'पाथफाइंडर' या रोलप्लेइंग खेळात तो २०१० साली आला.

या वर्गाचा साचा युरोपीय सरदाराचा आहे : चिलखत, लांब भाला, समोरून धडक. खेळात तो दोन ठिकाणी अडतो. भुयारात घोडा नेता येत नाही. आणि पात्र बळावत गेले तरी साधा घोडा तेवढाच राहतो, मग पहिल्याच मोठ्या चकमकीत मरतो. रचनाकार बहुधा घोड्याची ताकद वाढवून सुटका करून घेतात. मराठा स्वारात याहून चांगली उत्तरे आहेत.

सध्या वाशीम जिल्ह्यात असलेले कारंजा (लाड) हे मोगलांच्या वऱ्हाडातील श्रीमंत पेठेचे गाव शिवाजी महाराजांच्या फौजेने डिसेंबर १६७० मध्ये लुटले. मोगली मुलखात इतके खोल शिरून लूट घेऊन परतणे हेच त्या स्वारांचे कसब होते. म्हणून अशा पात्राला धडकेचे जादा नुकसान देण्यापेक्षा लांब मजल, अचानक छापा, हुलकावणीची माघार आणि पाठलाग अडवणे या क्षमता द्याव्यात. शेवटच्या क्षमतेचा नमुना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वणी-दिंडोरीला दिसतो : सुरतेची लूट सुखरूप पुढे निघावी म्हणून मराठ्यांनी मोगल सरदार दाऊदखानाला लढाईत गुंतवून ठेवले. लुटीच्या ओझ्याने वेग घटेल असा नियम ठेवला, की किती घ्यायचे आणि केव्हा निघायचे हा खेळाडूचा खरा निर्णय होतो.

घोडा मरण्याचा प्रश्न फौजेच्या रचनेतच सुटतो. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे; शिलेदार दोन्ही स्वतःचे आणी. बारगीर पात्राला मेलेल्या घोड्याऐवजी पागेतून दुसरा मिळावा, म्हणजे ते निर्धास्त धोका पत्करेल, पण हुकमाने बांधलेले राहील. शिलेदाराला मोकळीक जास्त, मात्र घोडा गेल्यास नुकसान त्याचेच. सभासद बखरीनुसार दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) आणि एक नालबंद (घोड्यांना नाल ठोकणारा) असे. ही दोन माणसे सोबत नसतील तर लांब मजलेचा लाभ दुसऱ्या दिवशी बंद व्हावा.