ताम्रपट आणि गोधडी

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यांत, नारळीपोफळींच्या वाड्यांत दडलेलें दिवेआगर हें समुद्रकांठचें गांव इतिहासाच्या अभ्यासकांस एका ताम्रपटामुळें परिचित आहे. शके ९८२ मधील, म्हणजे इसवी सन १०६० मधील, हा लेख मराठी भाषेंतील आद्य ताम्रपटांपैकीं एक होय. पुढें १९९७ सालीं ह्याच गांवीं एका पोफळीच्या बागेंत खणतांना तांब्याच्या पेटींत ठेवलेला गणपतीचा सोन्याचा मुखवटा सांपडला. तो २०१२ सालीं चोरीस गेला, ही गोष्ट निराळी. परंतु भूमीनें मात्र आपल्याकडील ठेव शतकानुशतकें राखून ठेविली होती.

तांबें आणि सोनें मातींत टिकतें. कापड टिकत नाहीं. कोंकणच्या दमट हवेंत तर तें दोन पिढ्याहि धड टिकत नाहीं. त्यामुळें ज्या काळीं शिलाहारांच्या अमलांत हा ताम्रपट कोरला गेला, त्या काळीं ह्या गांवच्या घरांतून माघाच्या रात्रीं लोक काय पांघरीत होते, तें कोणी शिवलें, आणि शिवणारणीला तें कोणी शिकविलें, ह्या प्रश्नांचें उत्तर कोणत्याहि पत्र्यावर कोरलेलें नाहीं. गोधडीचा इतिहास लिहावयाचा म्हणजे हातांना विचारीत जाणें एवढाच मार्ग उरतो.

गेल्या उन्हाळ्यांत ह्या गांवीं एका स्नेह्यांच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला, तेव्हां असा एक हात आम्हांस पहावयास मिळाला. घरांतील कॉलेजांत जाणारी मुलगी दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमावरून गोधडी शिवीत होती. कार्यक्रमांतील बाईंनीं अर्ध्या तासांत जें करून दाखविलें, तें ती आठ दिवस करीत होती. अखेर गोधडीच्या मध्यभागीं भाकरीसारखा फुगा आला, आणि मुलीनें तें सर्व काम गुंडाळून कोपऱ्यांत टाकलें. “आजी, मला हें जमायचं नाहीं,” असें ती म्हणाली. आजीनें गोधडी पुन्हां ओटीवर पसरली, डोळ्यांनीं न पाहतां तळहातानें कडेपासून आंतपर्यंत चांचपली, आणि बाहेरून सहाव्या रांगेवर बोट ठेविलें. “अगो, चूक इथें दिसली, पण झाली तिथें. तिथपासून उसव.”

हें वाक्य ऐकून आम्ही कांहीं क्षण स्तब्ध झालों. पंचविसांहून अधिक वर्षें आम्ही महाविद्यालयांत इतिहास शिकवीत आलों. परंतु कार्याच्या जागीं कारण शोधूं नये, हा धडा इतक्या थोड्या शब्दांत आम्हांस कधीं सांगतां आला नाहीं.

आजीच्या बोलण्याचें मर्म कळण्यास गोधडीची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. जुनीं लुगडीं आणि धोतरें स्वच्छ धुऊन, ताणून, एकावर एक अशीं पसरतात. थर हलूं नयेत म्हणून आधीं लांब टांक्यांनीं कच्चें शिवून घेतात. मग पुष्कळ ठिकाणीं कडेपासून आरंभ करून चौकोनांत चौकोन ह्या प्रकारें धांवदोऱ्याच्या रांगा आंत आंत नेतात. वरचा थर जर कोठें सैल राहिला, तर प्रत्येक रांगेबरोबर तो सैलपणा थोडा थोडा आंत ढकलला जातो. पहिल्या रांगांत तो दिसत नाहीं. मध्यापाशीं त्याला पुढें जावयास जागा उरत नाहीं, तेव्हां तो फुग्याच्या रूपानें वर येतो. नवशिकी फुगा दाबावयास जाते. जाणती बाहेरच्या रांगेकडे जाते. ह्या दोघींमधील अंतर म्हणजेच गोधडीची विद्या होय. ही विद्या फुगा आल्यावांचून शिकवितां येत नाहीं, कारण तळहाताला सैलपणाची ओळख सैल कापडावरच व्हावयाची.

जुनें जोडून नवें करण्याची ही कला आपल्या देशांत फार प्राचीन आहे. बौद्ध भिक्षूंचें चीवर तुकडे जोडून शिवीत, आणि त्या तुकड्यांची मांडणी मगधांतील शेतांच्या बांधांवरून आनंदानें योजिली, अशी कथा विनयपिटकांत आहे. अलीकडच्या काळांत गाडगे महाराजांना ‘गोधडे महाराज’ हें नांव त्यांच्या ठिगळांच्या वस्त्रावरून पडलें. ह्या सर्व परंपरेंत ठिगळ ही लपविण्याची वस्तु नव्हती. उत्तर कानडा जिल्ह्यांतील सिद्दी स्त्रिया आपल्या गोधडीला ‘कवंद’ म्हणतात, आणि तिच्या कोंपऱ्यांवर कापडाच्या घड्यांचीं ‘फुलें’ बसविल्यावांचून ती पूर्ण झाली असें मानीत नाहींत. ज्यास आपण जोड म्हणतों, त्यासच त्या अलंकार करितात.

निर्दोष नमुन्याचा आग्रह शिवणकामांत आला तो शाळेबरोबर. एकोणिसाव्या शतकांत मुलींच्या शाळा निघाल्या, तेव्हां शिवण हा अभ्यासक्रमाचा विषय झाला. पुण्यास १८८४ सालीं हुजूरपागेची शाळा उघडली. मुंबईस १८८९ सालीं पंडिता रमाबाईंचें शारदा सदन निघालें. पुण्याच्या सेवासदनांत, १९०९ पासून, रमाबाई रानडे ह्यांनीं प्रौढ स्त्रियांस शिवणाचे वर्ग काढून दिले. ह्या संस्थांचे उपकार मोठे आहेत. शिवणानें किती तरी निराधार स्त्रियांस स्वतःच्या पायांवर उभें केलें. परंतु वर्ग आला कीं परीक्षा येते, आणि परीक्षा आली कीं नमुना येतो. परीक्षकापुढें ठेवावयाचा तुकडा स्वच्छ असावा लागतो. उसवून पुन्हां शिवलेल्या जागीं सुईचीं भोंकें दिसतात, आणि गुण कमी होतात. ओटीवर उसवणें हें शिकण्याचें साधन होतें; वर्गांत तें अपयशाचें चिन्ह ठरलें.

दूरचित्रवाणीनें ह्या वर्गाच्या रीतीस पूर्णत्व आणलें. आपल्या देशांत तिचें प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस सुरू झालें, आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं निघालें. त्या केंद्रावरील ‘आमची माती आमची माणसं’, ‘ज्ञानदीप’, ‘सुंदर माझं घर’ हे कार्यक्रम आमच्या पिढीस अजून आठवतात. पडद्यावरून शिक्षण देतां येईल, ही त्या काळची श्रद्धा प्रामाणिक होती. परंतु पडद्यास वेळेचें बंधन असतें. जें काम पंधरा दिवसांचें, तें अर्ध्या तासांत दाखवावयाचें म्हणजे प्रत्येक पायरीचा नमुना आधींच तयार ठेवावा लागतो. बाई एक टांका घालून दाखवितात, मेजाखालून अर्धी झालेली गोधडी काढतात, आणि लगेच पुरी झालेली. ह्या तीन गोधड्यांच्या मध्यें जें घडतें, तें पाहणाऱ्याच्या दृष्टीस पडत नाहीं. आणि चुका नेमक्या तेथेंच घडत असतात.

हा प्रकार सर्वांत मोठ्या प्रमाणावर अमेरिकेंत घडला. तेथें १९७१ सालीं न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानें जुन्या गोधड्या चित्रांप्रमाणें भिंतींवर टांगल्या, १९७६ च्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनें जुन्या कलांविषयीं आस्था वाढविली, आणि १९७९ पासून जॉर्जिया बोनस्टील ह्या बाई नॉर्थ कॅरोलिनांतील सार्वजनिक दूरचित्रवाणीवरून गोधडीचे पाठ देऊं लागल्या. त्याच वर्षीं जपानांत कापड कापण्याचें फिरत्या पात्याचें हत्यार निघालें, आणि पट्टीला लावून अनेक थर एकदम सरळ कापणें सोपें झालें. ह्या दोन गोष्टींनीं मिळून बिनचूकपणाची कसोटी घरोघर पोंचविली.

ह्या बिनचूकपणास केवळ हौस म्हणून हिणविणें न्याय्य होणार नाहीं. तेथील गोधडीचा दर्शनी भाग लहान तुकडे कडेला कड जोडून केलेला असतो, आणि अशा जोडकामांत चूक सांठत जाते. नऊ चौकोनांच्या ओळींत आठ शिवणी येतात. प्रत्येक शिवण जर एक सोळांश इंच अधिक रुंद झाली, तर ती दोन्ही बाजूंचे मिळून एक अष्टमांश इंच कापड खाते; आठ शिवणींत ओळ एक इंचानें आंखूड होते, आणि शेजारच्या ओळीशीं जुळत नाहीं. आपल्या गोधडींत ठिगळ वरून ठेवून, कडा मुडपून शिवतात. तेथें कमीजास्तपणा मुडपींत जिरून जातो. म्हणजे एका रीतींत मापाची शिस्त आवश्यक आहे, दुसरींत हाताची जाणीव. आमची तक्रार शिस्तीविरुद्ध नाहीं. शिस्त चुकल्यावर काय करावें, हें कार्यक्रमांतून गाळलें जातें, ही आमची तक्रार आहे.

पडद्यास हें दाखवितांच येत नाहीं, असें मात्र कोणी म्हणूं नये. १९६३ सालीं बोस्टनच्या केंद्रावरून ज्यूलिया चाइल्ड ह्या बाई फ्रेंच स्वयंपाक शिकवूं लागल्या. बटाट्याचा एक थर तव्यावर उलटतांना तो फुटून चुलीवर सांडला. त्यांनीं तो तुकड्यातुकड्यांनीं उचलून पुन्हां तव्यांत घातला, आणि स्वयंपाकघरांत आपण एकट्याच असतों, तेव्हां भिण्याचें कारण नाहीं, अशा आशयाचें कांहीं बोलून पुढें चालू लागल्या. त्या काळीं असे कार्यक्रम सहसा मध्यें न थांबतां एका दमांत मुद्रित करीत. म्हणून तो प्रसंग कापला गेला नाहीं. आज साठ वर्षांनंतर त्या भागांतील पाककृति फार थोड्यांना आठवत असेल. सांडलेला बटाटा सर्वांना आठवतो. साधनें सुधारलीं आणि कापणें सोपें झालें, तसे असे प्रसंग दुर्मिळ होत गेले.

येथें एका गैरसमजाचाहि उल्लेख केला पाहिजे. पूर्वींच्या अमेरिकन स्त्रिया, विशेषतः आमिश पंथाच्या, ‘पूर्णत्व केवळ ईश्वराचें’ ह्या भावनेनें गोधडींत मुद्दाम एक चूक ठेवीत, अशी कथा पुष्कळ पुस्तकांतून वाचावयास मिळते. गोधडीचे इतिहासकार तिला दंतकथा समजतात. तिला समकालीन आधार नाहीं. कथा गोड आहे, परंतु ती चुकीचें तत्त्व शिकविते. चुकीची पूजा करावी, असें ओटीवरच्या आजीला कधींच वाटलें नसतें. तिनें तर मुलीकडून पहिल्या पांच रांगा राखून आंतल्या सर्व रांगा उसवून घेतल्या. अलाबामांतील जी’ज बेंड येथील कृष्णवर्णी स्त्रियांच्या गोधड्या २००२ सालीं संग्रहालयांत मांडल्या गेल्या, आणि २००६ सालीं टपालाच्या तिकिटांवर आल्या. त्यांच्या वांकड्या रेषांचें रसिकांनीं कौतुक केलें. तें योग्यच आहे. पण त्या रेषा वांकड्या आहेत म्हणून सुंदर नाहींत. हातीं असलेल्या जुन्या कापडास जें शक्य होतें, तें जाणत्या हातांनीं त्यांत करून घेतलें आहे, म्हणून सुंदर आहेत. चूक हा गुण नव्हे. चूक ओळखणें आणि सुधारणें हा गुण आहे, आणि तो चूक दडविणाऱ्यापासून शिकतां येत नाहीं.

हें लिहितांना आमचेंहि मन आम्हांस टोंचतें. आम्ही वर्गांत काय केलें? श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायथ्याचा लेख दीर्घकाळ मराठींतील पहिला शिलालेख मानला जाई. पुढें अलिबागेजवळच्या अक्षीच्या लेखास तो मान दिला गेला. आणि त्यांतील शकाच्या वाचनावरहि विद्वानांत वाद झाला. हा सर्व प्रवास म्हणजे इतिहासाचें उसवणें आणि पुन्हां शिवणें होय. आम्ही विद्यार्थ्यांस काय सांगितलें? एक लेख, एक शक, एक ओळ, परीक्षेंत उतरविण्याजोगी. मेजाखालून तयार गोधडी काढून दाखविण्यांत आम्ही त्या कार्यक्रमांतील बाईंहून मुळींच निराळे नव्हतों.

ताम्रपट कोरणाऱ्यास जागा थोडी होती. त्यानें निर्णय तेवढा कोरला, वाटाघाट कोरली नाहीं. त्यास दोष देतां येत नाहीं. परंतु दूरचित्रवाणी हें मनुष्यास लाभलेलें असें साधन आहे कीं, त्यांत चालता हात जसाच्या तसा राखून ठेवतां येतो. हजार वर्षें जी विद्या कोणत्याहि पत्र्यावर उमटूं शकली नाहीं, ती उमटविण्याचें सामर्थ्य ह्या साधनांत आहे. त्यांतूनहि आपण केवळ पुरी झालेली गोधडीच राखली, आणि सहाव्या रांगेवर ठेवलेलें बोट कापून टाकलें, तर पुढच्या पिढीस नमुने मिळतील, विद्या मिळणार नाहीं. ज्यांच्या तळहातांस सैलपणा कळतो अशा स्त्रिया आतां गांवोगांवीं थोड्या उरल्या आहेत; आणि त्यांच्या नाती शिकतात त्या पडद्यावरून.

चवथ्या दिवशीं सकाळीं आम्ही निघालों, तेव्हां ती मुलगी ओटीवर बसून शिवीत होती. फुगा बहुतेक गेला होता. मध्यें एक लहानशी चुणी राहिली होती, तिच्यावर आजीच्या जुन्या हिरव्या लुगड्याचें ठिगळ आलें होतें. मुलगी आतां दर दोन रांगांनंतर थांबून गोधडीवरून तळहात फिरवीत होती. पडद्यावरच्या बाईंनीं हें तिला सांगितलें नव्हतें.