सखारामबापू बोकील: एका मुत्सद्द्याचें शहाणपण

मराठी राज्यांतील ‘साडेतीन शहाणे’ सर्वांस ठाऊक आहेत. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे व विठ्ठल सुंदर हे तीन पुरे. नाना फडणीस तरवारबहाद्दर नव्हते, म्हणून अर्धे. परंतु पुऱ्या शहाण्यांपैकीं पहिला जो बापू, तो १७८१ सालीं रायगडावर कैदेंत मरण पावला; आणि ती कैद अर्ध्या शहाण्याच्या कारभारांत त्याच्या नशिबीं आली. बापूंचें शहाणपण चुकलें कोठें? ‘फितुरी’ हा एक शब्द उच्चारून कित्येकजण हा प्रश्न निकालांत काढितात. पण तेवढ्यानें त्याचें उत्तर मिळत नाहीं.

बापू सासवडजवळील हिवरें गांवचे. पुरंदऱ्यांच्या आश्रयानें ते पुढें आले व रघुनाथरावांचे कारभारी म्हणून वाढले. १७६१ सालीं पानिपताच्या पाठोपाठ नानासाहेब वारले व सोळा वर्षांचे माधवराव गादीवर बसले, तेव्हां चुलत्या-पुतण्यांचा कलह सुरू झाला. १७६२ च्या अखेरीस आळेगांवीं माधवराव आपण होऊन चुलत्याच्या स्वाधीन झाले. १७६८ त धोडपास चुलत्याचा पाडाव होऊन तो शनिवारवाड्यांत नजरकैदेंत पडला. एवढ्या उलथापालथींत बापू दादांच्या पक्षाचे असूनही समूळ उखडले गेले नाहींत. पुढें नारायणरावांच्या वेळीं मुख्य कारभार त्यांच्याकडेच होता. याचें कारण उघड आहे. दोन्ही पक्षांशीं बोलणें राखावें, कोणासही निःशेष होऊं देऊं नये, हें त्यांचें धोरण होतें. घरच्या भांडणांत असा मनुष्य दोघांसही हवासा वाटतो.

३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणरावांचा खून झाला. त्यानंतर बापू नानांच्या जोडीनें बारभाईंच्या कारस्थानांत शिरले व दादांविरुद्ध उभे राहिले. दादा इंग्रजांकडे गेले. लालबागेच्या शेजारीं परळास जेथें पुढें हाफकिन संस्था आली, तें त्या काळीं मुंबईच्या गव्हर्नराचें निवासस्थान होतें. गव्हर्नर हॉर्नबी याच्या सरकारनें १७७५ च्या मार्चांत सुरतेस दादांशीं तह केला आणि साष्टी-वसईच्या मोबदल्यांत त्यांस फौजेचें साहाय्य देऊं केलें. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारास तो पसंत पडला नाहीं. म्हणून १ मार्च १७७६ रोजीं पुरंदरास दुसरा तह झाला. पुण्याच्या बाजूनें तो ठरविणारे बापू व नाना होते.

आतां तराजूस तिसरें पारडें जोडलें गेलें होतें, आणि हेंच बापूंनीं ओळखिलें नाहीं. १७७८ सालीं मोरोबा फडणिसांनीं दादांस परत आणण्याचा घाट घातला, त्यांत बापूही सामील झाले. मुंबईकरांस या गोष्टीचें मोल फार होतें. कारण ज्यानें पुरंदरचा तह केला तोच बोलावीत असेल, तर तह मोडल्याचा दोष आपल्यावर येत नाहीं, असें त्यांस म्हणतां येत होतें. बापूंस जी घरची जुनी समजूत वाटली, ती परळच्या वाड्यांत स्वारीचा परवाना ठरली. जानेवारी १७७९ मध्यें वडगांवीं इंग्रजी फौज कोंडली गेली, दादा महादजी शिंद्यांच्या हातीं आले आणि बापूंस कैद झाली.

अशाच दुटप्पीपणाचें उदाहरण त्याच शतकांत वेल्समध्यें सांपडतें. सर वॉट्किन विल्यम्स विन् हा तेथील बडा जमीनदार पार्लमेंटांत बसूनही पदच्युत स्टुअर्ट घराण्याशीं संधान राखून होता. १७४७ सालीं लॉर्ड लोव्हाटच्या चौकशींत त्याचें नांव साक्षीदाराच्या तोंडून बाहेर आलें. परंतु राजद्रोहास दोन साक्षीदार लागतात असा तेथील कायदा, आणि राज्यही स्थिरावलेलें. त्याच्यावर खटला झाला नाहीं. १७४९ त शिकारींत घोड्यावरून पडून तो मेला, तेव्हांही तो पार्लमेंटाचा सभासद होता.

पुण्यास ही चैन परवडणारी नव्हती. धनी पांच वर्षांचें मूल आणि शत्रू बोरघाट चढून आलेला. अशा वेळीं नानांचें काठिण्य समजण्यासारखें आहे. तथापि बापू स्वार्थासाठीं राज्य विकणारे होते असें त्यांच्या एकंदर आयुष्यावरून दिसत नाहीं. त्यांनीं जुनी विद्या नव्या प्रसंगीं वापरली, एवढाच त्यांचा अपराध. पण राजकारणांत तो लहान नसतो. दादांचेच पुत्र दुसरे बाजीराव यांनीं १८०२ च्या अखेरीस वसईस इंग्रजांचा आश्रय घेतला, तेव्हां त्याच अपराधाची किंमत साऱ्या राज्यास द्यावी लागली. बापूंनीं ती एकट्यानें दिली होती.