पाच शिलिंगांचा अधिकार

इतिहासाच्या ग्रंथांत १९४५ हे वर्ष उघडले म्हणजे प्रथम डोळ्यांत भरतो तो महायुद्धाचा शेवट. बर्लिनचे पतन, हिरोशिमावरील अग्निवर्षाव, निवडणुकीत चर्चिलसाहेबांचा झालेला अनपेक्षित पराभव, ह्या घटनांच्या गदारोळात त्याच वर्षी जून महिन्याच्या १५ तारखेस राजसंमती मिळालेल्या एका आटोपशीर ब्रिटिश कायद्याकडे कोणाचे लक्ष जाऊ नये, हे साहजिकच आहे. कुटुंबातील पहिले मूल सोडून पुढील प्रत्येक मुलामागे दर आठवड्यास पाच शिलिंग सरकारी तिजोरीतून द्यावे, एवढाच त्या कायद्याचा आशय. रक्कम तशी क्षुल्लक. परंतु ती बापाच्या मालकीची मानावी की आईच्या, ह्या एका मुद्द्यावर सरकारला आपला मसुदा पार्लमेंटात बदलावा लागला. आणि तो बदलावयास लावणारी व्यक्ती कोणत्याही पक्षाची पुढारी नव्हती, मंत्री नव्हती, स्वतः पत्नी किंवा माताही नव्हती. एलिनॉर रॅथबोन असे त्या बाईंचे नाव. विधिमंडळातील एकटा सभासद काय करू शकतो आणि त्याच्याही दृष्टीस काय दिसत नाही, ह्या दोन्ही गोष्टी त्यांच्या चरित्रात एकत्र पाहावयास मिळतात.

रॅथबोन हे लिव्हरपूलचे पिढीजात व्यापारी घराणे. गुलामांच्या व्यापारास विरोध करणारी माणसे ह्याच घराण्यात झाली. एलिनॉरबाईंचे वडील विल्यम रॅथबोन ह्यांनी १८५९ साली एका परिचारिकेची नेमणूक करून गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्याची प्रथा लिव्हरपुलास सुरू केली, व तिचा विस्तार करताना फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांचा सल्ला घेतला. पुढे ते पार्लमेंटाचे सभासद झाले. अशा घरात १८७२ साली एलिनॉरबाईंचा जन्म झाला. ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात त्यांनी ग्रीक व लॅटिन वाङ्मय आणि तत्त्वज्ञान ह्यांचा अभ्यास केला. मात्र त्या काळी ऑक्सफर्ड विद्यापीठ स्त्रियांस परीक्षा देऊ देई, पदवी देत नसे. ती दारे उघडावयास १९२० साल उजाडावे लागले. प्लेटो-ॲरिस्टॉटलच्या सहवासात घडलेली ही बुद्धी लिव्हरपुलास परतली ती गोदीकामगारांच्या चाळींतून हिंडण्यासाठी.

गोदीतील काम रोजंदारीचे, किंबहुना अर्ध्या रोजाचे. जहाज लागले तर काम, न लागले तर उपास. शेकडो माणसांनी सकाळी धक्क्यावर येऊन उभे राहावे आणि मुकादमाने त्यांतील हवी तेवढी वेचून घ्यावी. ह्या पद्धतीची पाहणी रॅथबोनबाईंनी केलीच. परंतु त्यांचे वैशिष्ट्य असे की त्या धक्क्यावर थांबल्या नाहीत. कामगाराच्या मागोमाग त्या त्याच्या घरात शिरल्या. आठवड्याचे उत्पन्न किती आले, त्यातून नवऱ्याने स्वतःपुरते किती ठेवून घेतले, बायकोच्या हाती किती पडले, आणि त्यांत भाडे, कोळसा, पाव व मुलांची पायताणे कशी बसविली, ह्याचे हिशेब त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. ‘कुटुंबाचे उत्पन्न’ म्हणून अर्थशास्त्री ज्याला एक आकडा समजतात ते वस्तुतः दोन निरनिराळे आकडे आहेत, एक पुरुषाच्या खिशातील व दुसरा स्त्रीच्या हातातील, हे सत्य त्यांना ग्रंथांतून नव्हे, तर ह्या हिशेबांतून उमगले. १९०९ साली त्या लिव्हरपूल नगरसभेवर निवडून आल्या. ह्या सभेत बसणारी ती पहिली स्त्री होय.

त्याच वर्षाच्या पहिल्या दिवसापासून इंग्लंडात वृद्धांना पेन्शन मिळू लागले होते. १९०८ च्या कायद्याने सत्तरी ओलांडलेल्या निर्धन वृद्धांस आठवड्याला पाच शिलिंग देऊ केले. पोस्टाच्या खिडकीवर जाऊन मानाने पैसे घ्यावे, कोणापुढे पदर पसरू नये, ही कल्पनाच नवी होती. परंतु विधवेची गणना ह्या कायद्यात नव्हती. नवरा मेला की तिने ‘पुअर लॉ’च्या अधिकाऱ्यांपुढे उभे राहावे, त्यांनी तिच्या चारित्र्याची व चुलीची चौकशी करावी, आणि मग दया आल्यास चार शिलिंग द्यावे, नाहीतर मुले कामगृहात धाडावी, असा प्रकार चाले. रॅथबोनबाईंनी लिव्हरपुलातील विधवांच्या ह्या हालांवर १९१३ साली निबंध प्रसिद्ध केला व विधवांच्या पेन्शनाचा प्रश्न पुढे अखंड लावून धरला. १९२५ साली नेव्हिल चेंबरलेन आरोग्यमंत्री असताना विधवा, अनाथ व वृद्ध ह्यांच्यासाठी वर्गणीवर आधारलेला पेन्शनाचा कायदा झाला. विधवेस दहा शिलिंग, पहिल्या मुलास पाच व पुढच्या प्रत्येकास तीन, असे त्याचे प्रमाण होते. रॅथबोनबाईंस तो अपुरा वाटला. तथापि मुलांच्या संख्येप्रमाणे पैसे मोजण्याचे तत्त्व त्यात मान्य झाले होते, ही काही थोडी गोष्ट नव्हे.

हे तत्त्व त्यांना सापडले ते पहिल्या महायुद्धात. १९१४ साली पुरुष लढाईवर गेले तेव्हा त्यांच्या बायकांस सरकारकडून भत्ता मिळू लागला, आणि तो मुलांच्या संख्येप्रमाणे कमीजास्त होई. लिव्हरपुलास सैनिकांच्या कुटुंबांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेचे काम रॅथबोनबाईंच्या अंगावर होते. त्यांना दिसले ते असे: रक्कम मोठी नसली तरी ठराविक होती, वेळेवर येत होती आणि थेट गृहिणीच्या हातात पडत होती, तेवढ्यानेच कित्येक घरांतील मुलांच्या अंगावर कपडे आले. युद्ध ही केवढी घोर आपत्ती! आणि त्या आपत्तीत गरीब बाईचे घर मात्र शांततेच्या काळापेक्षा बरे चालावे, ही विसंगती त्यांच्या मनाला टोचली. १९१७ साली त्यांनी काही मित्रमैत्रिणींसह कुटुंबभत्त्याच्या प्रचारासाठी समिती स्थापन केली, आणि १९२४ साली ‘द डिसइनहेरिटेड फॅमिली’, म्हणजे वारशास मुकलेले कुटुंब, हा आपला मुख्य ग्रंथ प्रसिद्ध केला.

ह्या ग्रंथातील युक्तिवाद मुळातून समजून घेण्याजोगा आहे. कामगारांचे कैवारी त्या काळी अशी मागणी करीत की, प्रत्येक पुरुषास ‘कुटुंब पोसता येईल’ एवढे वेतन मिळावे; आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको व तीन मुले असे पाच जीव. रॅथबोनबाईंनी विचारले, असे कुटुंब आहे तरी किती जणांचे? खानेसुमारीचे आकडे पाहता ज्यांच्यावर नेमकी तीन मुले अवलंबून आहेत असे कामगार दहांत एकही भरत नव्हते. पुष्कळसे अविवाहित, पुष्कळांची मुले मोठी झालेली. म्हणजे ह्या हिशेबाने उद्योगधंद्यांनी अस्तित्वातच नसलेल्या लक्षावधी मुलांचे पोट भरावयाचे, आणि ज्याच्या घरी खरोखरीची सहा मुले आहेत त्याच्या तीन मुलांनी उपाशी राहावयाचे! दुसरा मुद्दा स्त्रीच्या मजुरीचा. पुरुषाला संसार असतो म्हणून त्यास अधिक दाम, ही समजूत कायम आहे तोवर समान कामास समान वेतन हे स्वप्नच राहणार. सबब मुलांच्या पालनपोषणाचा खर्च वेतनापासून वेगळा काढा आणि तो समाजाने उचलावा. कारण उद्याची पिढी ही समाजाची ठेव आहे, आणि तिला वाढविणारी आई ही बिनपगारी नोकर नव्हे. पुरुषांना ही गोष्ट का रुचत नाही, ह्याचे निदानही त्यांनी निर्भीडपणे केले. बायकोमुले आपल्या मुठीत असावीत ह्या सुप्त वासनेला त्यांनी ‘तुर्की गंड’ असे नाव दिले. हे नाव एका राष्ट्रावर अन्याय करणारे आहे खरे. परंतु निदान चुकीचे म्हणवत नाही.

ह्या मताला विरोध चोहोंकडून झाला, आणि सर्वच विरोधक काही दुष्ट नव्हते. मजूर संघांना भय वाटे की, मुलांचे सरकार पाहते असे म्हणून मालक वेतन कापतील. मताधिकाराच्या लढ्यातील वृद्ध सेनानी मिलिसंट फॉसेट ह्यांच्या मते बापाची जबाबदारी काढून घेतली की कुटुंबाचा कणाच मोडेल. ज्यांच्याकडून रॅथबोनबाईंनी १९१९ साली स्त्रीसंघाचे अध्यक्षपद घेतले होते त्यांनीच ह्या प्रश्नावर त्यांची साथ सोडली. उलट अर्थशास्त्रज्ञ विल्यम बेव्हरिज हा ग्रंथ वाचून ह्या पक्षास मिळाले, एवढेच नव्हे तर ते ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक होते तेथील अध्यापकांसाठी त्यांनी मुलांमागे भत्ता सुरूही केला. एका वाचकाचे हे मतपरिवर्तन पुढे सर्व राष्ट्रास फळले.

१९२९ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, रॅथबोनबाई पार्लमेंटात आल्या त्या इंग्रजी विद्यापीठांच्या संयुक्त मतदारसंघातून, कोणत्याही पक्षाचे जू मानेवर न घेता. आपल्याकडील पदवीधर मतदारसंघाचीच ही इंग्रजी आवृत्ती. तेथे पदवीधरांची मते टपालाने येत. असा मतदारसंघ लोकशाहीच्या तत्त्वात बसत नाही अशी टीका होई, व १९५० साली तो नाहीसाही झाला. परंतु पक्षाच्या आज्ञेविना बोलणारी अशी एक व्यक्ती त्याने सभागृहाला सोळा वर्षे दिली, हे त्याच्या जमेस धरले पाहिजे.

आता आपल्याशी संबंध असलेल्या प्रकरणाकडे वळू. कॅथरीन मेयोचे ‘मदर इंडिया’ हे १९२७ सालचे कुप्रसिद्ध पुस्तक वाचून रॅथबोनबाईंचे लक्ष हिंदुस्थानातील बालविवाहाकडे गेले. ऑक्टोबर १९२९ मध्ये त्यांनी लंडनमध्ये भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर परिषद भरविली. व्यासपीठावरील वक्ते इंग्रज. त्यांतील अनेकांनी हिंदुस्थान पाहिलेलाही नव्हता. तेव्हा सभेतून उठून धन्वंती रामराव ह्यांनी हरकत घेतली की, आमच्या सुधारणेचा भार तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून उचलला? ह्याच धन्वंतीबाईंनी पुढे १९४९ साली मुंबईस भारतीय कुटुंबनियोजन संघाची स्थापना केली. त्यांचा आक्षेप रास्त होता. परिषद भरली त्याच वर्षी आपल्या मध्यवर्ती कायदेमंडळाने मुलीचे विवाहाचे वय चौदा ठरविणारा सारडा कायदा केला होता, आणि त्यास बळकटी देणारी समिती सर मोरोपंत जोशी ह्या आपल्याच गृहस्थांच्या अध्यक्षतेखाली बसली होती. रमाबाई रानडे, महर्षी कर्वे ह्यांचे आयुष्य ज्या कार्यात झिजले ते लंडनच्या सभागृहात नव्याने शोधून काढण्याचे कारण नव्हते. लिव्हरपूलच्या चाळीत शिरून प्रत्यक्ष त्या बाईला विचारल्यावाचून जिने एक आकडा लिहिला नाही, तिने हिंदुस्थानच्या बाबतीत प्रथम निकाल द्यावा व मग चौकशीस यावे, हे आश्चर्य होय. १९३२ च्या आरंभी त्या इकडे येऊन गेल्या आणि १९३४ साली बालविवाहावर पुस्तकही लिहिले. त्यांची तळमळ खोटी नव्हती. सारडा कायदा कागदावरच राहिला आहे हे त्यांचे म्हणणेही खरे होते. तथापि ज्यांच्या हाती सत्ता नाही अशांना त्यांच्या दोषांची यादी सत्ताधाऱ्यांच्या देशातील व्यक्तीने वाचून दाखविली म्हणजे ती उपदेश न राहता अधिक्षेप होते, हे त्यांस कधी पुरते उमगले नाही. १९४१ साली त्यांनी हिंदी नेत्यांस उघड पत्र लिहिले तेव्हा रुग्णशय्येवरून रवींद्रनाथांनी त्यांस सडेतोड उत्तर दिले ते ह्याचमुळे.

ह्याच सुमारास मुंबईत मातेच्या हक्काची चर्चा स्वतंत्रपणे चालली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. ना. म. जोशी ह्यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याचे विधेयक आणले, ते फेटाळले गेले. मुंबई कायदेकौन्सिलात १९२८ साली तसेच विधेयक आले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्यास पाठिंबा देताना प्रतिपादिले की, मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने सोसावा. १९२९ चा कायदा झाला तो मालकांवर भार टाकून. पण तत्त्व रॅथबोनबाईंच्या तत्त्वाचे सख्खे भावंड होते, आणि ते येथल्याच मातीत उगवले होते.

इंग्लंडात कुटुंबभत्त्याचा विजय झाला तो पुन्हा युद्धानेच. १९४० साली केन्स ह्यांनी युद्धखर्चाच्या योजनेत मुलामागे पाच शिलिंग सुचविले. डिसेंबर १९४२ मध्ये बेव्हरिज ह्यांच्या प्रख्यात अहवालाने मुलांचे भत्ते हा सर्व सामाजिक विम्याचा पाया मानला. १९४५ च्या आरंभी विधेयक आले, पण त्यात भत्ता बापाचा म्हणून लिहिलेला! सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे ज्यासाठी घालविली तेच फळ हाती येत असता, हा दोष राहिल्यास मी विधेयकाविरुद्ध मत देईन, असे रॅथबोनबाईंनी सभागृहात बजावले. हा हट्ट नव्हता. बापाच्या नावे दिलेला पैसा म्हणजे वेतनात पडलेली भर. आईच्या हाती दिलेला पैसा म्हणजे मुलाचा हक्क. त्यांच्या साऱ्या सिद्धांताचे मर्म ह्या एका शब्दात होते. सरकारने अखेर सभासदांना मनाप्रमाणे मत देण्याची मुभा दिली आणि सभागृहाने बापाच्या जागी आई घातली.

कायदा निर्दोष नव्हता. बेव्हरिज ह्यांच्या आठ शिलिंगांचे पाच झाले. पहिले मूल वगळले गेले ते १९७७ मध्ये नवी योजना येईपर्यंत वगळलेलेच राहिले. परंतु श्रीमंत-गरीब असा भेद न करता तो सर्वांस लागू होता, त्यामुळे घेणारीला कोणापुढे दारिद्र्य सिद्ध करावे लागत नव्हते. मंगळवार, ६ ऑगस्ट १९४६ रोजी इंग्लंडातील आयांनी पोस्टाच्या खिडकीवर पहिला भत्ता घेतला. रॅथबोनबाई ते पाहावयास राहिल्या नव्हत्या. त्याच वर्षी २ जानेवारीस त्यांचे निधन झाले होते.

महाराष्ट्रात २०२४ साली ‘लाडकी बहीण’ योजनेने स्त्रियांच्या स्वतःच्या खात्यात दरमहा १५०० रुपये जमा होऊ लागले, तेव्हा पैसा कोणाच्या हाती द्यावा हा जुना प्रश्न आपल्याही घराघरांत बोलला गेला. त्या योजनेस उत्पन्नाची मर्यादा आहे व ती मुलांच्या संख्येशी निगडित नाही. म्हणून दोहोंची तुलना सरसकट करू नये. तथापि ‘एवढ्याशा पैशाने काय होणार?’ असे म्हणणाऱ्यांनी लिव्हरपुलातील ते जुने हिशेब एकदा आठवावेत. कुटुंबात किती पैसा येतो एवढे विचारून भागत नाही. त्यातला किती आईच्या हातापर्यंत पोचतो, हेही विचारावे लागते. कायदे करणाऱ्या माणसाने हा दुसरा प्रश्न विचारावयास शिकणे, ह्याला इंग्लंडासारख्या देशात अर्धे शतक लागले.