नाशिकचें शरणपूर : निराश्रितांच्या एका वसाहतीचा वृत्तांत
(इ. स. १८५४ ते १८८९)

नाशिक शहराच्या पश्चिमेस शरणपूर नांवाची वस्ती आहे व तिच्यावरून शरणपूर रस्ता हें नांव शहरांत रूढ झालेलें आहे. नांवाचें वळण पाहून एखाद्यास ही जुनी पेठ किंवा इनाम गांव असावा असें वाटेल. परंतु ही वस्ती पेशवाईंतील नव्हे. इ. स. १८५४ (शके १७७६) मध्यें चर्च मिशनरी सोसायटीच्या नाशिक येथील ख्रिस्ती मंडळीनें ती वसविली. घरादारास मुकलेल्या कुटुंबांस पुन्हां आपल्या पायांवर उभें करावें हा तिचा उद्देश होता. तो कितपत सिद्धीस गेला व कोठें अडला याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. नाशिक जिल्ह्याचें १८८३ सालीं छापलेलें गॅझेटियर, इंग्लंडांत बर्मिंगहॅम विद्यापीठांत ठेवलेलीं सोसायटीचीं दप्तरें व लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या सफरीचे कागद हीं या विषयाचीं मुख्य साधनें होत.

(१) स्थापना

सोसायटीचें ठाणें नाशिकास १८३२ सालीं पडलें. क्षेत्राच्या गांवीं धर्मांतर करणारे थोडेच निघाले. परंतु जे निघाले त्यांच्यापुढें उपदेशाहून निराळाच प्रश्न उभा राहिला. जातीनें बहिष्कृत केलेल्या मनुष्याचें घर सुटे, पाणवठा सुटे आणि बलुत्याचा किंवा जातीच्या धंद्याचा आधारही सुटे. १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें जातिबहिष्कारामुळें वारसाहक्क बुडूं नये अशी तजवीज केली खरी; तथापि तो हक्क कोर्टांतून मिळवावयाचा असे, आणि दावा चालेपर्यंत राहावयाचें कोठें व खावयाचें काय, हें कायदा सांगत नव्हता. पाद्री विल्यम सॉल्टर प्राइस यानें याच अडचणींतून मार्ग काढण्याकरितां शहराबाहेर वसाहत घातली. ज्यू लोकांच्या प्राचीन धर्मशास्त्रांत आश्रयार्थ्याकरितां सहा नगरें नेमून दिल्याचें वर्णन आहे. त्याच कल्पनेस मराठी रूप देऊन शरणपूर हें नांव ठेविलें असें दिसतें.

येथें एक साम्य नजरेस आणणें अप्रस्तुत होणार नाहीं. उजाड गांव किंवा नवी पेठ वसवितांना मराठेशाहींत कौल देण्याची चाल होती. येणाऱ्या कुळास पहिलीं कांहीं वर्षें सारा माफ अगर अल्प, नंतर इस्ताव्यानें चढता व शेवटीं पुरा सारा, अशी ती रीत संग्राहकांस शेंकडों कौलनाम्यांवरून परिचित आहे. कौलांतील मर्म असें कीं, सवलतीची मुदत आरंभींच ठरलेली असे. कुळ कधीं पुरा रयत होणार हें त्यास व सरकारास दोघांसही ठाऊक असे. शरणपुरांत आश्रय होता, पण अशी मुदत नव्हती. हा भेद पुढें महत्त्वाचा ठरला.

(२) वसाहतीची रीत

शरणपुरांत प्रार्थनेची जागा, शाळा, अनाथ मुलांचें गृह, राहाण्याचीं घरें व कारखाना असे निरनिराळे विभाग होते. सुतारकी, लोहारकी व यांसारखे हातधंदे मुलांस शिकवीत. मुलींस शिवण व गृहकृत्यें शिकवीत. वयांत आल्यावर वसाहतींतच विवाह होऊन नवें कुटुंब वेगळें राही. प्रत्येक घरीं शिधा पोंचवीत राहाणें हा मंडळीचा हेतु नव्हता. घर, धंदा व लग्न या तीन गोष्टी मिळाल्या म्हणजे कुटुंबाचा गाडा आपोआप चालेल, असा त्यामागील विचार होता.

यांतील धंद्याची योजना विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. आपल्याकडे धंदा जातीबरोबर येत असे. जात गेली कीं धंद्याची विद्या हातीं असूनही गिऱ्हाईक जाई. सुताराच्या कुळांत न जन्मलेल्या मुलास रंधा हातीं देणें ही त्या काळीं लहानसहान गोष्ट नव्हती.

(३) आफ्रिकेंतून आलेलीं मुलें

शरणपूरचें नांव सातासमुद्रांपलीकडे गेलें तें मात्र दुसऱ्याच निराश्रितांमुळें. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबस्तान व इराणी आखाताकडे गुलाम नेणारीं गलबतें इंग्रजी आरमार अडवीत असे. त्यांतून सुटलेल्यांपैकीं पुष्कळांस मुंबईस उतरवीत. त्यांत लहान मुलेंच फार असत. आईबाप कोठें आहेत व आपला गांव कोणता हें त्यांतील बहुतेकांस सांगतां येत नसे. सरकारनें हीं मुलें पोषणखर्चासह निरनिराळ्या मिशनांच्या हवालीं करण्यास आरंभ केला. मुंबईंत सोसायटीचा जर्मन मिशनरी आयसेनबर्ग यानें अशा मुलांचा सांभाळ केला, आणि १८६० च्या सुमारास शरणपुरांत आफ्रिकी आश्रमगृह चालूं झालें.

जंजिऱ्याच्या सिद्द्यांमुळें हबशी माणूस आपल्या लोकांस नवा नव्हता. कुणबिणी व बटकी यांच्या खरेदीचे कागदही संग्राहकांच्या पाहाण्यांत नेहमीं येतात. परंतु सिद्दी हे शिलेदारीनें व आरमाराच्या बळावर दौलत मिळविलेले सरदार होते. शरणपूरच्या मुलांपाशीं आपल्या नांवाखेरीज कांहींच नव्हतें, आणि तें नांवही बहुधा टिकलें नाहीं. त्यांच्या याद्या वाचूं लागलें असतां सायमन प्राइस, रिचर्ड आयसेनबर्ग, कॅरस फरार, जेम्स रतन अशीं नांवें आढळतात. प्राइस, आयसेनबर्ग व फरार हीं तर नाशिक व मुंबई येथील मिशनऱ्यांचीं आडनांवें होत. रतन हें मात्र उघड एतद्देशीय आहे. अशा प्रकारें एका आफ्रिकी मुलाच्या नांवांत विलायत व हिंदुस्थान दोन्ही शिरलीं. आफ्रिका तेवढी गळाली. नामशास्त्राच्या अभ्यासकांनीं हा प्रकार ध्यानांत घेण्याजोगा आहे.

(४) लिव्हिंग्स्टनचे नाशिककर

१८६५ च्या सप्टेंबरांत प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईस आला. बार्टल फ्रिअर तेव्हां मुंबईचा गव्हर्नर होता. लिव्हिंग्स्टन नाशिकास गेला व शरणपूरचे नऊ तरुण त्यानें आपल्या सफरीसाठीं मिळविले. १८६६ च्या जानेवारींत ही मंडळी मुंबईहून झांजिबारास निघाली. या तरुणांच्या आळसाविषयीं लिव्हिंग्स्टननें आपल्या रोजनिशींत कडक शब्द लिहिले आहेत. पण हीं मुलें कारखान्यांत सुतारकी किंवा लोहारकी शिकलेलीं होतीं, ओझीं वाहणारे हमाल म्हणून तयार झालेलीं नव्हतीं, हें त्याचे टीकाकार व स्तुतिपाठक दोघेही विसरतात.

१८७२ सालीं लिव्हिंग्स्टनच्या मदतीस जी टोळी गेली तिच्यांत शरणपूरचे आणखी सहाजण होते. त्यांतच जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन व वर सांगितलेला कॅरस फरार हे होत. १८७३ च्या १ मे रोजीं लिव्हिंग्स्टन चितांबोच्या गांवीं मरण पावला. तेव्हां त्याच्या सामानाची यादी लिहून काढण्याचें, प्रार्थना म्हणण्याचें व झाडावर मृत्युलेख कोरण्याचें काम वेनराइटनें केलें. कारण त्या सर्व टोळींत त्याच्याइतकें लिहितांवाचतां दुसऱ्यास येत नव्हतें. प्रेत मसाला घालून, वाळवून, अनेक महिन्यांच्या वाटचालीनें समुद्रकिनारीं बागामोयो येथें आणलें गेलें. १८७४ च्या १८ एप्रिल रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबेंत दफनविधि झाला, तेव्हां शवपेटिकेबरोबर चालणाऱ्यांत वेनराइट हा होता.

हस्तलिखितांच्या शोधकांस येथें एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. वेनराइटनें या प्रेतयात्रेची रोजनिशी ठेविली होती. तिचें जर्मन भाषांतर १८७४ सालींच छापलें गेलें. मूळ इंग्रजी हस्तलेख स्कॉटलंडांत ब्लँटायर येथील लिव्हिंग्स्टन जन्मस्थान संग्रहालयांत असून त्याच्या प्रतिमा २०१९ सालीं सर्वांस पाहाण्यास खुल्या झाल्या. फरारचा वृत्तांतही १९५० सालीं युगांडांतील एका नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ज्या थोर प्रवाशाविषयीं गोऱ्या लेखकांनीं कपाटें भरून ग्रंथ लिहिले, त्याच्या अंतकाळाचीं हीं दोन मूळ साधनें शरणपूरच्या शाळेंत लिहावयास शिकलेल्या हातांनीं लिहिलेलीं आहेत. गुलामाच्या गलबतांतून उतरलेल्या मुलांस ती शाळा लाभली नसती तर हा इतिहास मुका राहिला असता.

(५) परत आफ्रिकेस

१८७३ च्या जूनमध्यें झांजिबारच्या सुलतानानें समुद्रावरील गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या तहावर सही केली. आतां सोडविलेल्यांस मुंबईस आणण्यापेक्षां आफ्रिकेच्याच किनाऱ्यावर वसवावें असा विचार पुढें आला. प्राइस १८७४ च्या अखेरीस मोंबासास गेला व १८७५ सालीं तेथें बंदरासमोर जमीन घेऊन फ्रिअरटाऊन ही वसाहत त्यानें घातली. शरणपूरचे शंभराहून अधिक स्त्रीपुरुष या कामाकरितां आफ्रिकेस गेले व नाशिकचें आफ्रिकी आश्रमगृह बंद झालें. या लोकांस तेथें "मुंबईकर आफ्रिकी" म्हणूं लागले. नव्यानें सुटलेल्या गुलामांस घरें बांधून देणें, शाळा चालविणें, शेतें पाडणें, दुभाष्याचें काम करणें हा भार मुख्यत्वें त्यांच्यावर पडला. १८६४ मध्येंच मोंबासाकडे गेलेले विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर यांस १८८५ सालीं बिशप हॅनिंग्टननें डीकनपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत बिशपचा बुसोगांत वध झाला, तेव्हां मागें राहिलेल्या टोळीस सुखरूप परत आणणारा हाच जोन्स होय.

एवढ्यावरून योजना सर्वथा यशस्वी झाली असें म्हणतां येत नाहीं. ज्यास "परत जाणें" म्हटलें तें कित्येकांस दुसरें देशांतरच होतें. त्यांचें बालपण गोदातीरीं गेलें होतें आणि मोंबासा हा कोणाचाच जन्मगांव नव्हता. दुसरें असें कीं, फ्रिअरटाऊनांत घर, जमीन, न्याय व शिक्षा हीं सर्व एकाच अधिकाऱ्याच्या हातीं गेलीं. लौकिक अधीक्षक स्ट्रीटर याच्या कारकीर्दींत वसाहतवाल्यांस फटके मारल्याचा व कोंडून ठेविल्याचा बोभाटा १८८१ च्या सुमारास झाला आणि चौकशीसाठीं प्राइसला पुन्हां आफ्रिकेस जावें लागलें. धन्याच्या चाबकांतून सुटलेल्यास उपकारकर्त्याचा चाबूक चुकला नाहीं.

याच्या उलट उदाहरण जवळच्याच राबाई ठाण्यांतील आहे. आसपासच्या मळ्यांतून पळालेले गुलाम तेथें मिशनच्या आश्रयास येऊन राहूं लागले होते. १८८८ सालीं त्यांच्या अरब धन्यांनीं तगादा लाविला. त्यांस परत देणें हा विश्वासघात झाला असता, व न द्यावें तर दंग्याचें भय होतें. अखेर ब्रिटिश पूर्व आफ्रिका कंपनीचा अधिकारी मॅकेंझी यानें धन्यांस भरपाई देण्याची तोड काढली आणि १८८९ च्या १ जानेवारी रोजीं सुमारें १,४०० जणांस मुक्ततेचे दाखले वाटले गेले. प्राइस त्या वेळीं तेथें हजर होता. त्यानें १८९० सालीं छापलेल्या आपल्या पुस्तकांत या प्रकरणाची हकीकत दिली आहे. आश्रय तोंडी असतो तोंवर आश्रिताचा जीव टांगलेलाच राहातो. कागद हातीं आला म्हणजे तो कोणाच्या मेहेरबानीवर राहात नाहीं, हें या दाखल्यांवरून दिसून येतें.

(६) निष्कर्ष

एकंदर पाहतां धर्ममंडळीच्या साहाय्याचा गुण व दोष एकाच ठिकाणीं सांपडतो. सरकारी खजिना पोषणखर्च देऊं शकला, पण मुलांस सोयरे देऊं शकला नाहीं. सोयरे, साक्षीदार, लग्नाचे वऱ्हाडी व मयताचे खांदेकरी मंडळीनेंच पुरविले. निराश्रितास अन्नाच्या खालोखाल याच गोष्टींची वाण असते. जेथें मंडळीनें धंदा शिकविला व माणसास जाऊं दिलें, तेथें वेनराइट व जोन्स यांसारखे लोक निपजले. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासास वृद्ध होऊन १९३५ सालीं वारला. जेथें मंडळीनें जमीन, मजुरी व शिक्षा आपल्याच मुठींत ठेविली, तेथें कुटुंबें जगलीं, पण स्वतंत्र झालीं नाहींत. कौलनाम्यांतील मुदतीचें शहाणपण येथें आठवतें: आश्रय संपण्याचा दिवस आश्रय देतांनाच ठरला पाहिजे.

मोंबासाजवळ फ्रिअरटाऊनची घंटा आजही टांगलेली आहे. तिच्यावरून त्या जागेस स्वाहिली भाषेंत घंटेचेंच नांव पडलें आहे. नाशिकास शरणपूरचें नांव तेवढें शिल्लक आहे. वसाहतींतील कुटुंबांच्या वंशजांपाशीं किंवा जुन्या वाड्यांतील दप्तरांत त्या काळचे बाप्तिस्म्याचे व लग्नाचे दाखले, घरभाड्याच्या पावत्या, शिकाऊ कारागिरांचे करार, मराठी पत्रें असे कागद असण्याचा संभव आहे. विलायतच्या दप्तरांत साहेबांचे अहवाल जपून राहिले. मराठींत बोलणाऱ्या, रंधा चालविणाऱ्या त्या कुटुंबांचा स्वतःचा शब्द मात्र येथेंच, आपल्या कपाटांत सांपडेल. ज्या संग्राहकांपाशीं असे कागद असतील त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे अवश्य धाडाव्या.