कीर्द, खतावणी आणि गच्च भरलेली डिस्क

डेटाबेसच्या इतिहासाचा आजचा भाग माझ्या फजितीपासून सुरू करतो.

गडचिरोलीतल्या एका संस्थेचा तेंदूपत्त्याचा हिशोब मी सांभाळायचो. कोणत्या फळीवर कोणी किती पुडे दिले, मजुरी किती झाली, एवढंच. पोस्टग्रेसचा मुख्य सर्व्हर चंद्रपुरात, नक्कल भामरागडला. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, तिकडची लाइन गेली. तिसऱ्या आठवड्यात चंद्रपूरचा डेटाबेसही बंद! डेटा जेमतेम ५ जीबी, पण ४० जीबीची डिस्क गच्च. सगळी जागा ‘पीजी_वॉल’ फोल्डरने खाल्लेली.

सोबतचा म्हणाला, "लॉगच आहेत ना? उडवून टाक."

बरं झालं, हात आवरला. आपला दुकानदार व्यवहार आधी कीर्दीत लिहितो, मग खतावणीत उतरवतो. पेशव्यांच्या दफ्तरातही रोजकीर्द होतीच. वाडांनी निवडलेल्या रोजनिशीच्या उताऱ्यांवर न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये निबंध वाचला. डेटाबेसचं वॉल म्हणजे हीच कीर्द. बदल आधी तिथे, मग टेबलच्या फायलीत. वीज गेली तर कीर्द वाचून खतावणी पुरी करायची. ही रीत नीट बांधणारा ‘एरीज’ हा शोधनिबंध १९९२ चा, आयबीएमचा. पहिलं नाव सी. मोहन यांचं, आपल्या आयआयटी मद्रासचे. पोस्टग्रेसमध्ये वॉल आलं २००१ साली, ७.१ आवृत्तीत. तेव्हा फोल्डरचं नाव होतं ‘पीजी_एक्सलॉग’. नावात लॉग दिसला की लोक कचरा समजून उडवायचे आणि डेटाबेस गमावून बसायचे! शेवटी २०१७ मध्ये, १० व्या आवृत्तीत, नावच बदललं. माझा मित्र नवं नाव असूनही फसत होता, ते सोडा.

आमचा दोषी होता रेप्लिकेशन स्लॉट. ही सोय २०१४ ची, ९.४ मधली. नक्कल जिथवर वाचून झाली, त्यापुढची कीर्द मुख्य सर्व्हर फेकत नाही. भामरागड गप्प, म्हणून चंद्रपूर साठवत बसलं. मर्यादा घालायची सेटिंग १३ व्या आवृत्तीत, २०२० मध्ये आली. पण ती आपण लावावी लागते. मी लावली नव्हती.

डिस्कवरची जुनी झिप फाइल हलवून जागा केली, सर्व्हर उठवला. स्लॉटच्या यादीत तो निष्क्रिय दिसला. काढून टाकला, चेकपॉइंट दिला, आणि ३० जीबीच्या वर जागा मोकळी झाली. पुडे आणि मजुरी, सगळं जागेवर होतं. पूर ओसरल्यावर नक्कल पहिल्यापासून करावी लागली, पेनड्राइव्हवर डेटा घेऊन, एसटीने.