कॉम्प्युटर चालू होत नाही? फॉर्मॅट मारण्याआधी हे तपासा

सुरत : उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत नंदुरबार, धुळे, जळगावकडून आलेली मराठी घरं कितीतरी वर्षांपासून आहेत. एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनचं पंचिंग, मार्केटातल्या दुकानाचे हिशेब, जीएसटीचे रिटर्न, गावाकडच्यांचे ऑनलाइन फॉर्म अशी कामं अनेकांकडे एखाद्या जुन्या डेस्कटॉपवरच चालतात. तो एका सकाळी चालू झाला नाही की पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘फॉर्मॅट मारावा लागेल.’ हा सल्ला बहुतेक वेळा घाईचा असतो. मशीन सुरू न होणं वेगळं आणि आतला डेटा जाणं वेगळं. विंडोज अडकलं तरी फाइली बहुधा डिस्कवर जशाच्या तशा असतात. त्या जातात त्या फॉर्मॅट मारल्यावर.

म्हणून आधी बघायचं, मशीन कुठपर्यंत पोहोचतंय.

बटण दाबलं आणि लाइट नाही, पंखा नाही, काहीच नाही, असं असेल तर दोष विजेच्या वाटेवर आहे. बोर्डाचं बटण, एक्स्टेन्शन आणि डब्याच्या मागचा छोटा स्विच बघा. (ज्या डब्याला आपण सगळेच सीपीयू म्हणतो, तो.) मॉनिटरची पॉवर केबल बहुधा त्याच जातीची असते, ती काढून इकडे लावून पाहा. तरीही नाही, तर एसएमपीएसवर संशय घ्यायचा. मात्र एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका, वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका करंट राहू शकतो. तो सरळ बदलायचा. त्याचा तुमच्या डेटाशी काही संबंध नाही.

पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, हा प्रकार पावसाळ्यात हमखास दिसतो. सुरतची दमट हवा आणि लूमच्या खात्याजवळची कापडाची लव, दोन्ही मिळून आत एक थर बसवतात. वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, डब्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज जाऊ द्या आणि रॅम काढा. तिचे सोनेरी दात पेन्सिलच्या खोडरबरानं हलके पुसा, भुगा झटका आणि दोन्ही बाजूंचे क्लिप ‘कट्’ वाजेपर्यंत परत बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. बीप वाजत असेल तर किती आणि कशी वाजते ते लिहून ठेवा. तिचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा, मदरबोर्डच्या पुस्तिकेत मिळतो. मशीन मिनिटभर चालून आपोआप बंद होत असेल तर प्रोसेसरवरचा पंखा लवेनं बुजलाय का बघा. साफ करताना पातं बोटानं धरून ठेवा.

आता दुर्लक्षित मंडळी : मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल. सीआर२०३२, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग विंडोज चालू झालं तरी बँकेची किंवा जीएसटीची साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडून बसते आणि लोक नेटवाल्याला फोन लावतात. कधी सेलबरोबर बायोसची सेटिंगही पुसली जाते. डिस्कचा मोड आधी होता त्यापेक्षा वेगळा झाला, तर विंडोज निळ्या स्क्रीनवर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ लिहून थांबतं. डिस्क मेली असंच वाटतं, पण मोड पूर्ववत केला की मशीन उठतं. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आलं तर आधी लावून विसरलेला पेनड्राइव्ह काढा, मग डिस्कची केबल घट्ट करा.

कंपनीचा लोगो येतो आणि पुढे गोल फिरत राहतं किंवा निळी स्क्रीन येते, तेव्हा दोष बहुधा विंडोजमध्ये असतो. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले, आपल्याकडे काही विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची. फॉर्मॅटची गरज नव्हती.

विंडोज १० किंवा ११ सुरू होताना दोन-तीनदा लागोपाठ अडलं की दुरुस्तीची स्क्रीन आपोआप येते. तिथे ‘ट्रबलशूट’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’. आधी ‘स्टार्टअप रिपेअर’, नंतर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ करून पाहा. जमलं नाही तर ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून नोटपॅडचं इंग्रजी नाव टाइप करा. नोटपॅडच्या ‘फाइल–ओपन’मध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडलं की सगळे फोल्डर दिसतात. राइट क्लिक करून टॅलीचा डेटा, पंचिंगच्या फाइली, फोटो पेनड्राइव्हवर कॉपी करता येतात. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, घाबरू नका. ‘रिसेट धिस पीसी’ शेवटी ठेवा. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी टाकलेले प्रोग्रॅम उडतात.

नव्या मशीनवर बिटलॉकर असेल तर ४८ आकडी की मागितली जाते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते. मशीन धड आहे तोवरच काढून वहीत लिहा.

दोन ठिकाणी मात्र स्वतः हात लावायचा नाही. हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, प्रत्येक वेळी डेटा वाचण्याची आशा कमी होते. आणि पाणी शिरलेलं मशीन. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईच्या पाण्यानं शहराचा मोठा भाग बुडाला होता, आजही खाडीला पूर आला की लिंबायतकडच्या तळमजल्यांत पाणी येतं. भिजलेलं मशीन ‘चालतंय का’ म्हणून लावू नये. डिस्क काढून, न उघडता, डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यावी. दुकानात मशीन देताना पावतीवर ‘डेटा पुसू नये’ असं लिहून घ्या. डिस्क बदलली तर जुनी मागून घ्या.